हेरांचा बोलपट आणि मुरगांवची रात्र

हेर हा शब्द उच्चारला कीं वर्गांतील मुलांचे डोळे लकाकतात, हा आमचा नेहमींचा अनुभव आहे. गणिताच्या तासाला पेंगणारा मुलगाहि बहिर्जी नाइकाचें नांव निघतांच सावरून बसतो. वेष पालटावा, शत्रूच्या गोटांत बेमालूम मिसळावें, त्याच्या पोटांतील गुपित काढावें आणि तो सावध होण्यापूर्वीं परत फिरावें, या गोष्टींचें आकर्षण मनुष्याच्या मनाला सर्व काळीं वाटत आलें आहे. बोलपटाचा शोध लागल्यावर तर या आकर्षणाला नवें रानच मोकळें झालें. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंडांत हेरांवर जे बोलपट निघाले त्यांतील कांहीं आजहि आवडीनें पाहिले जातात. त्यांपैकीं एकाची ओळख या लेखांत वाचकांस करून द्यावी, आणि त्याच्या शेजारीं आपल्या मालवण बंदरापासून समुद्रावरून सरळ रेषेंत सुमारें पन्नास मैलांवर, गोव्यांतील मुरगांव बंदरांत, १९४३ सालीं घडलेली एक खरी गोष्ट मांडावी, असा आमचा विचार आहे. एक गोष्ट रचलेली आणि दुसरी घडलेली. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे. एखाद्या मनुष्याविषयीं संशय आला, तर तो संशय ज्ञान केव्हां होतो?

आरंभीं दोन शब्दांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपण हेर आणि जासूद हे शब्द एकाच अर्थानें वापरतों. मराठेशाहींत जासूद हा मुख्यतः पत्रें व बातम्या नेणारा-आणणारा मनुष्य असे. हेराचें काम लपून पाहण्याचें. बहिर्जी दोन्ही कामें करीत असावा, कारण बखरींत त्यास जासूद म्हटलें आहे, आणि १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीपूर्वीं तेथील पाळत त्यानेंच आणली असेंहि सांगितलें आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, हें मालवणच्या मुलांस आम्हीं सांगावयास नको.

पण बातमी आणणें हें अर्धेंच काम झालें. ती खरी कीं खोटी हें ठरविणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच अधिक अवघड. पवित्र शास्त्रांतील गणना नांवाच्या पुस्तकांत मोशेनें कनान देश हेरण्यास बारा जण पाठविल्याची कथा आहे. चाळीस दिवस तो देश पाहून ते परत आले. येतांना द्राक्षांचा एक घोंस त्यांनीं दांड्यावर घालून दोघांच्या खांद्यावरून आणिला, एवढी ती भूमि सुपीक होती. तरी बारांपैकीं दहांनीं असा निरोप दिला कीं तेथील माणसें इतकीं धिप्पाड आहेत कीं त्यांच्यापुढें आपण केवळ नाकतोडे. कालेब व यहोशवा हे दोघेच निराळें बोलले. लोकांनीं दहांचें ऐकलें आणि त्याचें फळ चाळीस वर्षें रानांत भटकून भोगिलें. आतां पाहा, येथें दहा साक्षी एकमतानें पडल्या होत्या. तरी त्यांचें मोल एका साक्षीहून फारसें अधिक नव्हतें, कारण ते सर्व एकत्र हिंडले, एकत्र भ्याले आणि एकत्रच परतले होते.

या दोषावरचा उपाय आपल्या देशांतल्या एका ग्रंथांत फार पूर्वीं सांगून ठेविला आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रथम छापून प्रसिद्ध केलें. त्यांत गूढपुरुषांच्या, म्हणजे हेरांच्या, व्यवस्थेचीं प्रकरणें आहेत. संन्यासी, व्यापारी, शेतकरी, विद्यार्थी अशा नाना वेषांतील हेर कसे पेरावे तें तेथें सांगितलें आहे, आणि तेथेंच असाहि नियम घातला आहे कीं या हेरांनीं एकमेकांस ओळखतां कामा नये, व तिघांची बातमी जुळेल तेव्हांच ती विश्वासास पात्र समजावी. कौटिल्य हा दयाळूपणासाठीं प्रसिद्ध नव्हे. तरी त्याचा हा नियम, पाहूं गेलें असतां, निरपराधी माणसाचें केवढें मोठें कवच आहे! तो ध्यानांत ठेवून वाचकांनीं आतां बोलपटाकडे वळावें.

त्या बोलपटाचें नांव ‘सीक्रेट एजंट’. आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकानें तो १९३६ सालीं गोमाँ-ब्रिटिश कंपनीसाठीं तयार केला. त्याच्या आदल्याच वर्षीं त्याचा ‘थर्टीनाइन स्टेप्स’ हा बोलपट गाजला होता. त्यांत एका निरपराधी मनुष्यावर खुनाचा आळ येतो आणि तो रानोमाळ पळत सुटतो. प्रेक्षक मनानें त्याच्याबरोबर धांवतात, आणि तो निर्दोष आहे हें त्यांस पहिल्यापासून ठाऊक असतें. ‘सीक्रेट एजंट’मध्यें ही मांडणी नेमकी उलटी केली आहे. येथें प्रेक्षक पाठलाग करणाऱ्यांच्या पक्षांत असतात, आणि ज्याचा पाठलाग चालला आहे तो दोषी आहे असें त्यांसहि वाटत असतें.

कथेचें मूळ सॉमरसेट मॉम या लेखकाच्या ‘अ‍ॅशेंडेन’ नांवाच्या पुस्तकांत आहे. तें १९२८ सालीं निघालें. मॉम यांनीं पहिल्या महायुद्धांत स्वतः स्वित्झर्लंडांत राहून ब्रिटिश गुप्त खात्याचें काम केलें होतें, त्यामुळें त्या पुस्तकांत शौर्यापेक्षां कंटाळा, वाट पाहणें आणि वरिष्ठांचे तुटक हुकूम हींच अधिक आहेत. जाणत्या माणसाचें लिहिणें असें असतें. बोलपटासाठीं त्यांतील दोन कथा एकत्र गुंफल्या आहेत.

कथानक असें आहे. साल १९१६. ब्रॉडी नांवाचा एक लेखक सैन्यांत अधिकारी आहे. तो रजेवर इंग्लंडांत येतो तों त्यास वर्तमानपत्रांत आपल्याच मृत्यूची बातमी वाचावयास मिळते. इतकेंच नव्हे, तर रिकाम्या शवपेटीसह त्याचा अंत्यविधीहि उरकलेला असतो! हें सर्व गुप्त खात्यानें घडविलेलें. खात्याचा प्रमुख त्यास अ‍ॅशेंडेन हें नवें नांव देतो आणि कामगिरी सांगतो. स्वित्झर्लंडांतून एक जर्मन हेर कॉन्स्टँटिनोपलकडे जाणार आहे. तो कोण हें कोणासच ठाऊक नाहीं. त्यास ओळखावें आणि वाटेंतच नाहींसें करावें. मदतीला एक मनुष्य दिला आहे. लोक त्यास जनरल म्हणतात. तो बोलका आहे, विनोदी आहे आणि माणूस मारतांना त्याचा हात किंचितहि कांपत नाहीं. शिवाय एल्सा नांवाची एक तरुणी अ‍ॅशेंडेनची पत्नी म्हणून पाठविलेली आहे. तिला हें सर्व प्रथम मोठ्या मौजेचें वाटतें. आपल्या कांहीं विद्यार्थ्यांनाहि तसेंच वाटतें, म्हणून हें पात्र आम्ही मुद्दाम ध्यानांत आणून देतों.

अ‍ॅशेंडेन यास जो मनुष्य शत्रूच्या हेराचें नांव सांगणार होता तो एका खेड्यांतील चर्चमध्यें ऑर्गन वाजविणारा होता. अ‍ॅशेंडेन व जनरल तेथें जातात तेव्हां ऑर्गनचा एकच स्वर अखंड वाजत असतो. ते भक्तिभावानें थोडा वेळ थांबतात. तो स्वर कांहीं केल्या थांबत नाहीं. वर जाऊन पाहतात तों वाजविणारा मरून पडलेला असून त्याच्या देहाच्या भारानें पट्टी दाबली गेली आहे, आणि त्याच्या मुठींत एक बटण आहे. मारेकऱ्याशीं झालेल्या झटापटींत तें तुटलें असावें. बस्स, एवढाच पुरावा!

पुढें जुगाराच्या अड्ड्यांत तें बटण अ‍ॅशेंडेनच्या हातून टेबलावर पडतें. शेजारीं केपोर नांवाचा एक वृद्धत्वाकडे झुकलेला सभ्य इंग्रज बसलेला असतो. त्याच्या कोटाचीं बटणें तशींच असतात, म्हणून तें आपलेंच असें तो समजतो. त्याची बायको जर्मन असते. झालें, दोघांची खात्री पटते. पर्वत चढण्याच्या पैजेचें निमित्त करून ते त्यास वर नेतात. अ‍ॅशेंडेन याचें मन कचरतें आणि तो अर्ध्या वाटेंत वेधशाळेंत मागें राहतो. तेथील दुर्बिणींतून दूरच्या कड्यावरच्या दोन बारीक आकृति त्यास दिसतात. इकडे हॉटेलांत केपोरची बायको एल्सेला जर्मन भाषेचा पाठ देत आहे, आणि केपोरचा लहानसा कुत्रा दार ओरबाडीत कण्हूं लागला आहे. दुर्बिणींतून पाहणारा अ‍ॅशेंडेन ऐन वेळीं ओरडतो. पण मैलभर अंतरावर ओरडून काय होणार? दोन आकृतींपैकीं एकच उरते. कुत्रा मोठ्यानें रडूं लागतो, आणि त्या बाईच्या तोंडचें पाणी पळतें.

लागलीच सांकेतिक तार येते. तिचा अर्थ लावतात तो असा निघतो कीं तुम्ही भलत्याच मनुष्याच्या मागें आहां.

हा प्रसंग आम्हीं पाहिला तेव्हां सर्वांत अधिक बोंचलें तें जनरलचें हंसणें. त्यास ही चूक केवळ विनोदी वाटते. एल्सेचा चेहरा मात्र पांढराफटक पडतो. नंतर कांहीं स्विस गायक एका पसरट भांड्यांत नाणें गरगर फिरवीत गातात, आणि त्या नाण्याचा घरंगळता आवाज ऐकून तिला तें बटणच आठवत असावें असें आपणांस वाटतें. बोलपट ही कला तेव्हां नवी होती. इंग्लंडांत ध्वनि येऊन सात-आठच वर्षें झालीं होतीं. एवढ्यांत या दिग्दर्शकानें ओळखलें होतें कीं ऐकूं येणारी गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीपेक्षां खोल जाते. ऑर्गनचा स्वर, कुत्र्याचें रडणें, नाण्याची घरघर, या तीन आवाजांवर सगळी कथा तोलली आहे.

पुढचें कथानक आम्ही थोडक्यांत उरकतों, कारण तें इतकें चांगलें नाहीं. चॉकलेटचा एक कारखाना जर्मन हेरांचें टपालघर निघतो. स्वित्झर्लंडांत काय काय असतें तें सर्व कथेंत आलें पाहिजे असा हिचकॉकचा हट्टच होता. खरा हेर मार्व्हिन नांवाचा एक हंसतमुख अमेरिकन तरुण निघतो. तो सर्वांच्या पुढ्यांत आरंभापासून वावरत असतो आणि कोणी त्याच्याकडे पाहात नाहीं. शेवटीं आगगाडीवर विमानांतून बाँब पडतात. घायाळ मार्व्हिन मरतां मरतां जनरलला गोळी घालतो. अ‍ॅशेंडेन व एल्सा हें काम पुन्हां कधींहि न करण्याचें ठरवून मोकळीं होतात. थोडक्यांत, ज्यानें मारावयाचें तो मारीत नाहीं, आणि देवाघरचा न्याय इंग्रजी विमानांकडून उरकून घेतला जातो. हा शेवट आम्हांस पळवाटेसारखा वाटतो. या बोलपटाला फारसें यश कां आलें नाहीं याचें कारण हिचकॉक यांनींच पुढें एकदां सांगितलें. नायकाला जें काम करावयाचें तेंच त्यास नकोसें आहे, अशा नायकामागें प्रेक्षक जात नाहींत. हें खरें असेल. पण आमच्या मतें याच कारणासाठीं हा बोलपट पाहण्याजोगा आहे. जॉन गिलगुड, मॅडेलिन कॅरोल, पीटर लॉरी व रॉबर्ट यंग हे त्यांतील प्रमुख नट. जनरलचें काम करणारे लॉरी हे १९३३ सालीं नाझी सत्तेमुळें जर्मनी सोडून आलेले होते.

आतां आपल्या किनाऱ्याकडे येऊं.

१९३९ सालच्या सप्टेंबरांत दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां भर समुद्रांत असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांनीं जवळचें तटस्थ बंदर गांठलें. गोवा त्या काळीं पोर्तुगालच्या अमलाखालीं होता, आणि पोर्तुगाल युद्धांत पडला नव्हता. त्यामुळें ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ व ‘ब्राउनफेल्स’ हीं ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचीं तीन जहाजें मुरगांवच्या आश्रयास आलीं. पुढें १९४० सालीं इटली युद्धांत उतरल्यावर ‘आन्फोरा’ हें इटालियन जहाजहि त्यांत मिळालें. बाहेर पडावें तर इंग्रजांचें आरमार, आंत राहावें तर नुसता गंज. अशीं तीं जहाजें सुमारें साडेतीन वर्षें नांगरून पडलीं होतीं.

या काळांत हिंदी महासागर व अरबी समुद्र यांत पाणबुड्यांचा धुमाकूळ चालला होता, आणि तो धोका काल्पनिक नव्हता. १९४२ च्या नोव्हेंबरांत मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ ही बोट २३ तारखेस बुडविली गेली. तींत २८० जण प्राणांस मुकले. एरेनफेल्स या जहाजावर गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून पाणबुड्यांस आमच्या जहाजांच्या हालचाली कळविल्या जातात, असा इंग्रजांच्या गुप्त खात्याचा निष्कर्ष झाला. पण उपाय काय? गोव्यांत उघड सैन्य घालावें तर पोर्तुगालचा तटस्थपणा मोडतो, आणि पोर्तुगालला दुखविणें इंग्रजांस परवडणारें नव्हतें. तेव्हां असे लोक पाठवावयाचे कीं जे पकडले गेले तरी सरकारला हात झटकतां येतील.

असे लोक कलकत्त्यास सांपडले. ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ हें तेथील गोऱ्या व्यापारी मंडळींचें एक हौशी घोडेस्वार पथक होतें. त्यांतील बहुतेकांचें वय सैन्यांत घेण्यापलीकडचें. कवाईतीपेक्षां क्लबांतील गप्पांचीच संवय अधिक. या पथकांतले चौदा आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’मधले चार असे अठरा जण निवडले गेले. त्यांचे पुढारी बिल ग्रायस, आणि गुप्त खात्याकडून मोहिमेचे सूत्रधार लुइस प्यू. नदींतील गाळ वाहून नेणारें ‘फीबी’ नांवाचें एक संथ, बेढब जहाज मिळविण्यांत आलें. तें लंकेला वळसा घालून कोचीनला आलें, आणि बाकीचे लोक आगगाडीनें तेथें पोहोंचले. तेथून फीबी उत्तरेस मुरगांवकडे निघाली.

१९४३ च्या मार्चच्या ९ तारखेची रात्र. मध्यरात्र उलटल्यावर फीबी बंदरांत शिरली. जहाजांवरील पुष्कळसे खलाशी शहरांत मेजवानीस गेले होते. ती मेजवानी या मोहिमेच्याच लोकांनीं घडवून आणली होती, असें या प्रकरणावर पुढें पुस्तक लिहिणारे जेम्स लीझर सांगतात. फीबी एरेनफेल्सला भिडली, शिड्या लागल्या, माणसें वर चढलीं. थोडा वेळ चकमक झाली. जहाजाचा कप्तान रोफर त्यांत मारला गेला, आणि त्याच्या माणसांपैकीं आणखी कांहीं. परंतु एरेनफेल्सच्या खलाशांनीं अशा प्रसंगाची तयारी करून ठेविली होती. त्यांनीं तळाच्या झडपा उघडून पाणी आंत घेतलें व जहाज बुडूं लागलें. हल्ला करणारे आपल्या जहाजावर उतरून समुद्राकडे निसटले. त्यांच्यापैकीं कोणीहि मेला नाहीं. आणि हें पाहून शेजारच्या तिन्ही जहाजांवरील लोकांस वाटलें कीं इंग्रजांचें आरमारच चालून आलें. त्यांनीं आपलीं जहाजें आपल्याच हातांनीं पेटविलीं व बुडविलीं. म्हणजे चार जहाजांपैकीं तिहींना इंग्रजांचा हातहि लागला नाहीं.

मुरगांव सकाळीं उठलें तें धूर पाहात. बंदरांत बातमी पसरली ती अशी कीं जर्मनांनीं व इटालियनांनीं आपलीं जहाजें आपणच जाळलीं. इंग्रजांनीं तिकडे मौन धरलें. त्या अठरा जणांस पदकें मिळालीं नाहींत. ते आपापल्या कचेऱ्यांत परत जाऊन बसले. १९४७ सालीं तें पथकहि मोडलें. लीझर यांचें ‘बोर्डिंग पार्टी’ हें पुस्तक १९७८ सालीं निघालें, आणि १९८० सालीं त्यावरून ‘द सी वुल्व्ह्ज’ हा इंग्रजी चित्रपट झाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर व डेव्हिड निव्हन यांनीं त्यांत कामें केलीं, आणि त्याचें बरेंच चित्रण प्रत्यक्ष गोव्यांत झालें.

हा चित्रपट पाहावयास मौजेचा आहे, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करितों. पोट सुटलेले, केस पिकलेले गृहस्थ दोराच्या शिडीवर धापा टाकीत चढतात तें दृश्य पाहून हंसूं येतें आणि त्यांचें कौतुकहि वाटतें. परंतु ‘सीक्रेट एजंट’ पाहिल्यानंतर तो पाहणाऱ्यास एक उणीव जाणवते. त्यांत बटणाविषयीं कोणी शंकाच घेत नाहीं. बिनतारी यंत्र आहे, त्यावरून संदेश जात आहेत आणि त्यामुळेंच जहाजें बुडत आहेत, हें आरंभींच सिद्ध धरलें आहे. मग उरतें तें केवळ साहस. एक मोहक हेरीणहि त्यांत घातली आहे, ती तर निव्वळ पडद्यासाठीं.

आपण मात्र कौटिल्याचा नियम येथें लावून पाहूं. पहिली साक्ष इंग्रजी गुप्त खात्याची. दुसरी लीझर यांच्या पुस्तकाची; पण तें मुख्यतः त्या मोहिमेंतल्याच लोकांच्या आठवणींवर उभें आहे, म्हणजे मोशेच्या दहा हेरांप्रमाणें हे साक्षीदार एकत्र गेलेले व एकत्र आलेले. तिसरी साक्ष चित्रपटाची म्हणावी तर ती पुस्तकाचीच सांवली. आतां बाहेरची एखादी गोष्ट पाहावी. तिलावा बोट बुडविली ती जपानी पाणबुडीनें, जर्मन पाणबुडीनें नव्हे. जर्मनांनीं ‘मॉन्सून’ नांवाचा पाणबुड्यांचा गट खास या समुद्रासाठीं युरोपांतून पाठविला तो १९४३ च्या उन्हाळ्यांत, आणि तो अरबी समुद्रांत पोहोंचला त्याच वर्षाच्या शरद ऋतूंत. म्हणजे एरेनफेल्स बुडून अर्धें वर्ष उलटल्यावर. त्यापूर्वीं १९४२ च्या अखेरीस जर्मन पाणबुड्यांनीं मोठी लूट केली खरी, पण ती दूर आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाकडे.

यावरून मुरगांवांतून एकहि संदेश गेला नाहीं असें मुळींच सिद्ध होत नाहीं. जर्मनांकडून बातमी जपान्यांस कळणें अशक्य नव्हतें. शिवाय इंग्रजांचा हेतु केवळ यंत्र बंद करण्याचा नसून, तीं जहाजें एखाद्या रात्रीं निसटून शत्रूच्या उपयोगीं पडूं नयेत असाहि असणें साहजिक आहे. युद्धांत एवढें कारणहि पुरेसें मानलें जातें. आमचें म्हणणें इतकेंच कीं चित्रपट ज्या निश्चयानें बोलतो तितका निश्चय या पुराव्यांत नाहीं. कप्तान रोफर हा केपोरसारखा निरपराधी होता असेंहि आम्ही म्हणत नाहीं. तो शत्रुपक्षाच्या जहाजाचा अधिकारी होता, आणि आपलें जहाज शत्रूच्या हातीं लागूं न देणें हें त्याचें कर्तव्य होतें, तें त्यानें केलें. परंतु तो मारला गेला तो तटस्थ बंदरांत, आणि ज्या आरोपासाठीं मारला गेला त्याची चौकशी कोणत्याहि न्यायासनापुढें कधीं झाली नाहीं.

पण तराजूचें दुसरें पारडेंहि रिकामें नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. ज्या व्यापारी जहाजांना पाणबुड्या गांठीत होत्या त्यांच्या बॉयलरपाशीं कोळसा ओढणारे, डेकावर दोर ओढणारे, भटारखान्यांत राबणारे लोक कोण होते? इंग्रजी जहाजांवर हिंदी खलाशी हजारोंनीं असत, आणि त्यांत तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांतले, म्हणजे आपल्या या किनाऱ्यावरचे, आणि गोव्यांतले लोक पुष्कळ होते. (आपला सिंधुदुर्ग जिल्हा त्यांतून निराळा झाला तो १९८१ सालीं.) दुसऱ्या महायुद्धांत सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी समुद्रांत मेले. पाणतीर सहसा जहाजाच्या कुशींत शिरतो, आणि बॉयलरची खोली तेथेंच असते. त्यामुळें खालच्या माणसास वर येण्यास वेळ मिळत नसे. मुरगांवचें यंत्र खरोखरच बोलत असेल, तर तें बंद पाडणाऱ्यांनीं अशा कितीतरी माणसांचे प्राण वांचविले असले पाहिजेत. ‘द सी वुल्व्ह्ज’मध्यें जहाजें बुडतांना दिसतात; त्यांत राबणाऱ्या या माणसांची गोष्ट मात्र कोठें येत नाहीं. इकडे केपोरची बायको व त्याचा कुत्रा यांस हिचकॉकनें पडद्यावर जागा दिली. ती न देतां त्याची कथा अधिक वेगानें पुढें गेली असती.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हे दोन्ही चित्रपट एकामागून एक पाहावे, आणि आधीं जुना पाहावा, अशी आमची शिफारस आहे. जुन्यांतील चित्रें आतां थोडीं अंधुक वाटतात, इंग्रजी संवादहि भरभर बोललेले आहेत. तरी ऑर्गनचा तो एक स्वर ऐकण्यास भाषेची अडचण पडत नाहीं. दुसरा पाहतांना मुरगांवचें पाणी, गोव्याचे रस्ते व माडांच्या रांगा आपल्या ओळखीच्या निघतील, आणि फीबी बंदरांत शिरते तेव्हां छाती थोडी धडधडेलहि.

मुरगांवच्या लोकांस मात्र पस्तीस वर्षें जी गोष्ट ठाऊक होती ती एवढीच कीं परक्या खलाशांनीं एके रात्रीं आपलीं जहाजें आपणच जाळलीं व बुडविलीं. गुप्त खात्यास ती समजूत सोयीची होती, म्हणून ती कोणी दुरुस्त केली नाहीं. आणि विचित्र हें कीं चारी जहाजांच्या बाबतींत ती खोटीहि नव्हती.